बाजारहत्नूरची मालनबाई

मालनबाईचं वय मी पंचावन्न ठरवलं. गाव बाजारहत्नूर, कारण तिथलं आमच्या शाळेत कुणीच नव्हतं. म्हणजे ओळख काढून तिला कुणी पेचात पकडणार नव्हतं. शेत सहा एकर, चारात कापूस, दोनात ज्वारी. दोन मुली, दोन्ही दिलेल्या. नवरा आहे, पण फार बोलत नाही, म्हणजे त्याच्यासाठी वेगळे शब्द लागणार नाहीत. राग कशाचा येतो? कुणी दोनदा तेच विचारलं तर. काय माहीत नाही? ही जागा मी मोकळी सोडली. हे सगळं दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहून झालं, तेव्हा मालनबाई अजून कुठेच नव्हती.

१९८८ सालचा डिसेंबर होता. नांदेडला बी.एस्सी. करून मी आदिलाबादच्या एका शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागले होते. घर भैंशाला, राहणं मावल्यात आत्याकडे. शाळेत दोन वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून एक कॉम्प्युटर आला होता. त्याच्यावर मोर काढलेलं कापड घातलेलं असे आणि त्याची खोली शनिवारी झाडली जाई. मला भौतिकशास्त्र येतं म्हणून कॉम्प्युटरही येत असणार, असं ठरवून हेडमास्तर भगवानरावांनी किल्ली माझ्याकडे दिली. मॅन्युअल वाचून मी तो शिकले. दोन महिन्यांत असं झालं की सकाळी जाग आली तरी डोक्यात त्याच्याच ओळी चाललेल्या असत.

मग कार्यालयातून पत्र आलं. वापरात नसलेली यंत्रं जानेवारीअखेर परत घेऊन गरज असलेल्या शाळांना देणार. त्याआधी कार्यालयाचे अधिकारी गंगारेड्डी सर प्रत्यक्ष येऊन पाहणार.

"राहीबाई," भगवानराव म्हणाले, "मांगच्या वक्ताले आपन गंगारेड्डी सारायले पाढे दाखवले. सार म्हनले, पाढे त माही नात बी म्हनते, तिले करंट लागत नाई."

"मग काय दाखवू?"

"काई बी दाखवा. पन असं दाखवा का आपल्या लोकायचं हे काई तरी लागते असं वाटलं पायजे."

मशीन गेलं तर माझं शाळेतलं काम जाणार नव्हतं. गणिताचे तास होतेच. पण ती खोली पुन्हा नुसती खोली झाली असती, आणि माझ्या हातातलं, मला स्वतःला सापडलेलं एकमेव काम गेलं असतं. हे मी कुणाला बोलले नाही.

नांदेडच्या वाचनालयातून उतरवून आणलेला दीड पानी इंग्रजी प्रोग्रॅम माझ्याकडे होता. आपण एक वाक्य टाइप करायचं. मशीन त्यातला एक शब्द हेरून प्रश्न परत फेकतं. आपण म्हणालो, मला उदास वाटतं, की ते म्हणणार, तुम्हाला उदास का वाटतं? मी तो घालून नववीतल्या विमलला बसवलं. प्रश्नाचा अर्थ सांगितल्यावर तिनं पडद्याकडे बोट केलं.

"मॅडम, मले काय वाटते थे ह्याले काऊन पायजे?"

तिचं बरोबर होतं. आमच्याकडे अनोळखी माणूस असं विचारत नाही. मला वाटलं, आधी प्रोग्रॅम नाही, आधी माणूस ठरवायला हवा. तो ठरला की तो काय विचारेल ते आपोआप कळेल. म्हणून ती वही, आणि म्हणून मालनबाई.

पण मालनबाई बोलते कशी? हे बसून सुचण्यासारखं नव्हतं. मोजायला हवं होतं. माझी आत्या सोजरबाई भाजी पिकवते आणि आदिलाबादच्या बाजारात स्वतः विकते. शाळा साडेदहाला भरायची. नऊ दिवस मी सकाळी सातपासून तिच्या मागे पोत्यावर बसून वहीत रेघा मारत होते. कोण आलं, काय म्हणालं, ती काय म्हणाली.

तिसऱ्या दिवशी आत्याला राहवलं नाही.

"काय लिवून राह्यली वं? मी वांगे इकतो, तू मले इकून राह्यली का?"

"तुमचं बोलणं मोजते आहे."

"मोज मोज. वांगे मोजाले मी हाओच."

आमच्या भागात बायकाही 'मी इकतो', 'मी जातो' असंच म्हणतात. मी नांदेडला राहून 'जाते', 'येते' म्हणायला लागले होते, आणि त्यावरून आत्या मला 'पुस्तकाची पोट्टी' म्हणायची.

मोजणीतून एक गोष्ट हाती लागली, तिचा आनंद मला अजून आठवतो. आत्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ कधीच देत नव्हती. कुणी म्हटलं, सांबार ताजा आहे का, की ती म्हणे, "कोन्या गावची वं तू?" सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. बाई म्हणे, जैनदची. "जैनदची का? जैनदची कोनाची?" बाई नाव सांगे. "त्यायची का? मंग तुही सासू बरी हाये का?" तेवढ्या वेळात सांबाराची जुडी पिशवीत गेलेली असे. इंग्रजी प्रोग्रॅम जे दीड पानांत करत होता, समोरच्याचा शब्द उचलून त्यालाच परत देणं, ते माझी आत्या पोत्यावर बसून रोज करत होती. फरक एवढाच की ती मन विचारत नव्हती, गाव आणि नातं विचारत होती. आणि माणसं तिच्याशी बोलायला थांबत होती.

चारशे बारा बोलणी झाल्यावर मी शब्दांचं वर्गीकरण केलं. प्रत्येक क्रियापदाला पुठ्ठ्याचं एक कार्ड. 'येणे' या कार्डावर आलो, आली, येऊ का, येतो. 'जाणे' या कार्डावर जातो, जाते. समोर आकडे. 'येतो' एकशे एकेचाळीस वेळा आणि 'जातो' फक्त तीन. या फरकाचं मला नवल वाटलं. खाली मी शास्त्रीय पद्धतीनं टीप लिहिली: "बाजारात लोक येताना सांगतात, जाताना बहुधा न सांगता जातात." टिपेखाली रेघही मारली.

जागेचा हिशेब पुढचा. मशीनमध्ये बत्तीस हजार अक्षरं मावत, त्यातली काही पडद्यालाच लागत, काही प्रोग्रॅमला. मालनबाईच्या वाट्याला साधारण तीनशे वाक्यं आली. माणसाला दिवसभरात किती वेगळी वाक्यं लागतात हे मी आधीच मोजलं होतं. तीनशे भरपूर होती. पडद्यावर मराठी अक्षरं येत नव्हती, सगळं इंग्रजी लिपीत. मग 'काऊन', म्हणजे 'का', कोण कसं लिहील? नववीच्या वर्गाला मी पन्नास शब्द लिहायला लावले. 'काऊन'ची सात रूपं आली. सातही घातली.

आत्याला मी सगळं समजावून सांगितलं. तिनं दोन अटी घातल्या.

"माहं नाव नोको देऊ त्याले. उद्या थे कोनाले खोटं सांगन, अन् तोंड मले दाखवा लागन बजारात."

"नाव मालनबाई ठेवलंय."

"हव. अन् दुसरं, जे ठावं नाई थे सांगाचं नाई. मी खताचं सांगतो का कोनाले? मी म्हनतो, मले नाई ठावं बाई, जानत्याले पुसा. त्यानं इज्जत जात नाई."

वहीच्या पहिल्या पानावर मोकळी सोडलेली जागा अशी भरली. कार्डांत न सापडणारं काहीही विचारलं की मालनबाई म्हणणार: "ते मले नाई ठावं. जानत्याले पुसा." इंग्रजी प्रोग्रॅम अशा वेळी काहीतरी गोल बोलून वेळ मारून नेत होता. आमची बाई त्यापेक्षा सरळ निघाली.

जानेवारीत मालनबाई बोलू लागली. वर्गातली मुलं रांग लावून तिच्याशी बोलत. फळ्यावर मी सूचना लिहून ठेवली होती: बोलणं संपवताना JATO लिहा. मुलं निमूट तसं लिहीत, मशीन थांबे, पुढचा नंबर लागे. वीस दिवसांत एकही चूक सापडली नाही. मी फार खूश होते.

गंगारेड्डी सर विसाव्या तारखेला दुपारी आले. उंच, मितभाषी माणूस, खिशाला दोन पेनं. मूळचे तेलुगू, पण मुधोळला काही वर्षं नोकरी केल्यामुळे मराठी समजायचं आणि बरंचसं बोलायचंही. चार वाजताच्या बसनं त्यांना निर्मलला जायचं होतं, हे त्यांनी आल्याआल्याच सांगितलं. खोलीतला फळा स्वच्छ पुसून त्यावर त्यांच्या स्वागताचा मजकूर काढला होता.

मी विमलला पुढे बोलावलं. सरांनी हात वर केला.

"शिकवलेले पोरं नको. मशीन कधी पाहिलं नाही असा कोणी बसवा."

खोलीत तसं एकच माणूस होतं. आपल्या बोलण्याचं काय झालं ते बघायला आत्या आली होती आणि दाराशी उभी होती. तिला खुर्चीवर बसवलं. ती बोलणार, मी टाइप करणार, असं ठरलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटलं, ते मी मोठ्यानं वाचत गेले.

"या, बसा. कोन गावचे?"

"मावल्याची," आत्या म्हणाली.

"मावल्याचे का? मावल्याचे कोनाचे?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "हे त मलेच माह्यासारखं पुसून राह्यली!"

"हे टाइप करू?"

"नाई वं, हे तुले सांगून राह्यलो."

भगवानराव हसले. सर हसले नाहीत, पण खुर्ची थोडी पुढे घेऊन बसले. मग आत्यानं विचारलं, वांग्याले कीड लागली, काय करू? मालनबाई म्हणाली, "कवापासून लागली?" आठ दिस झाले. "ते मले नाई ठावं. जानत्याले पुसा."

आत्यानं मान हलवली. "खोटं नाई बोलली," ती सरांना म्हणाली, जणू साक्षच देत होती. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, झालं, मशीन राहिलं.

आत्या उठली. "येतो मंग. दुकान इसवासावर सोडून आलो."

मी सवयीनं टाइप केलं: YETO MANG.

"या, बसा. कोन गावचे?"

आत्या अर्धी उठली होती ती पुन्हा बसली. बस म्हटल्यावर न बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. "मावल्याची. सांगलं ना आताच."

"मावल्याचे का? मावल्याचे कोनाचे?"

"अवं बाई, येतो मी आता."

"या, बसा. कोन गावचे?"

"हे सोयरी हाये का पोलीस?" आत्या म्हणाली.

मागं उभी असलेली मुलं फिदीफिदी हसायला लागली. भगवानरावांनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. गंगारेड्डी सर शांतपणे पुढे झाले आणि एका बोटानं त्यांनी स्वतः टाइप केलं: YETO. बाईनं त्यांनाही बसवलं आणि गाव विचारलं. त्यांनी NIRMAL लिहिलं. निर्मलचे कोनाचे, असं तिनं विचारलं. पुन्हा YETO. पुन्हा या, बसा. त्यांनी घड्याळ पाहिलं. पावणेचार.

"यातून माणूस सुटतो कसा?" त्यांनी विचारलं.

मी घाईनं पुढे झाले. "सर, JATO लिहा. मग ती थांबते."

त्यांचं बोट J वर पोचलं, तेवढ्यात आत्या ओरडली.

"अवं शुभ बोल वं! सारायले 'जातो' म्हनाले लावते? घरचा मानूस उठला का 'येतो' म्हन्ते. 'जातो' म्हन्ते का कोनी?"

सरांनी बोट उचललं. "आमच्यात पण तसंच आहे," ते म्हणाले. "पोयोस्त, म्हणजे जाऊन येतो. नुसतं जातो म्हटलं तर आई दारातून परत बोलवायची, नीट बोल म्हणायची."

मी पिशवीतून वही काढली आणि ते पान उघडलं. येतो, एकशे एकेचाळीस. खाली रेघ मारलेली टीप. लोक जाताना न सांगता जातात! नऊ दिवस माझ्यासमोर एकशे एकेचाळीस माणसं सांगून गेली होती, आणि मी त्यांना आलेल्यांत मोजलं होतं. मी स्वतः लहानपणापासून भैंशाच्या घरातून बाहेर पडताना दुसरं काही म्हटलेलं नव्हतं. कार्डं करताना मात्र मी 'येतो' कोशात असतो तसा 'येणे'खाली टाकला होता, आणि त्या कार्डाला मालनबाईचं उत्तर होतं 'या, बसा'.

"अन् हे तीन जातो कोन?" आत्यानं विचारलं. मी वाचून दाखवलं: मंगळवार, हिरवं लुगडं, वांगी परत पोत्यावर टाकून.

"थे भांडून गेलती. राहिलेल्या दोघी बी तश्याच असतीन."

होत्या. तिघींच्या समोर मी 'आवाज मोठा' असं लिहिलेलं होतं.

भगवानरावांनी घसा साफ केला. "सार, हे दुरुस्त कराले आमी हैदराबादले—"

"दुरुस्त कोण करणार?" सरांनी त्यांना थांबवून मला विचारलं. "किती दिवस लागतात?"

"दहा मिनिटं," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं, मग खुर्ची ओढून भिंतीशी बसले.

पहिल्यांदा मला वाटलं, YETO हा शब्द सरळ 'जाणे'च्या कार्डावर टाकावा. पण मग दारात उभं राहून 'येतो बरं का आत' म्हणणाऱ्याला मालनबाई तिथूनच वाटेला लावणार. एकच शब्द, दोन उलट अर्थ. मशीनला ते कळणार कसं? मी हे स्वतःशीच पुटपुटत होते.

"त्याले काय लागते?" आत्या म्हणाली. "दारात म्हनलं त आत येनं. बसून बोलून झालं अन् मंग म्हनलं, त घरी जानं."

हे मोजता येत होतं. माणूस किती वाक्यं बोलून झाला, याचा एक आकडा ठेवायचा. दोनपेक्षा जास्त झाल्यावर 'येतो' आलं की निरोप. एक ओळ.

"आणि निरोपाला ती काय म्हणेल?" मी विचारलं. "तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हनतो, 'या'."

"पण 'या' तर ती म्हणतेच आहे."

"मंग बरोबरच म्हन्ते ना. फक्त 'बसा' नोको म्हनू म्हना."

मी हात थांबवून तिच्याकडे पाहिलं. चूक 'या'मध्ये नव्हतीच. येणाऱ्याला 'या' आणि जाणाऱ्यालाही 'या'. मालनबाईनं ते अचूक म्हटलं होतं. जास्तीचं होतं ते पुढचं. मी ओळ लिहिली, तपासली, कॅसेटवर प्रत घेतली. सरांच्या घड्याळात नऊ मिनिटं झाली होती, दहावं चालू होतं.

ते स्वतः येऊन बसले. गाव सांगितलं. कुणाचे ते सांगितलं. आपल्या वडिलांचं नाव त्यांनी एका बोटानं, एकही अक्षर न चुकवता लिहिलं. बाईनं तब्येत विचारली, तीही सांगितली. मग त्यांनी YETO लिहिलं आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहिली.

"या," पडद्यावर आलं. आणि मालनबाई गप्प बसली.

सर पहिल्यांदा हसले. "मुधोळला असंच म्हणायचे," ते म्हणाले.

चारची बस गेली होती. पुढची साडेपाचला होती. विमलनं चहा आणला. चहा पिता पिता सरांनी कार्यालयाच्या पत्राच्या पाठीवर तेलुगूत चार ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद भगवानरावांकडे दिला. भगवानरावांनी आधी मनात वाचलं, मग चेहरा उजळून मोठ्यानं मराठीत सांगितलं: यंत्र वापरात आहे. दुरुस्ती शाळेतच होते. हलवण्याची गरज नाही. वापरणाऱ्यांत विद्यार्थ्यांशिवाय: सोजरबाई, भाजी विक्रेत्या, मावला.

"माहं नाव?" आत्या दचकली. "नाव नोको म्हनलं होतं ना वं मी तुले!"

"मशीनमध्ये नाही, आत्या. कागदात आहे."

"मंग कागदात काय लिवलं? खोटं त नाई ना?"

"नाही. खरं आहे ते."

तिनं विचार केला. "राहू दे मंग," ती म्हणाली आणि पदर सारखा करून उठली. दाराशी पोचल्यावर मात्र वळली. मशीन बंद झालेलं होतं, विमल त्याच्यावर मोराचं कापड घालत होती. "येतो वं मालन," आत्या त्या कापडाकडे पाहून म्हणाली.

विमलनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"या," ती म्हणाली.